सचखंडनं दिल्ली : नांदेडकरांनी पाहिलेली राजधानी

गाडीत

सचखंड एक्सप्रेस सकाळी नांदेडहून सुटते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नवी दिल्लीला टेकते. एवढं बसण्यापेक्षा विमानानं जा, असं बऱ्याच जणांनी सुचवलं. पण सोबत सासूबाई होत्या. आम्ही सगळे त्यांना बाई म्हणतो. बाईंना मुलूख बघत बघत जायचं होतं. आणि खरं सांगायचं तर नांदेडचं माणूस जन्मभर या गाडीची घोषणा ऐकतं, पण बसतं ते परभणी-जालन्यापर्यंतच. एकदा तरी तिच्या पार टोकाकडे जावं अशी माझीही फार दिवसांची इच्छा होती. आम्ही पाच जण होतो. बाई, हे, मी, कॉलेजात जाणारी थोरली आणि सातवीतला धाकटा.

सोबत धपाटे, दशम्या, जवसाची चटणी, शेंगदाण्याची चटणी आणि दह्याचा डबा. हे सगळं असूनही एक गोष्ट आवर्जून सांगते: या गाडीत बसताना प्रत्येकी एक ताट आणि एक वाटी घ्याच. वाटेतल्या काही स्थानकांवर शीख सेवादार फलाटावर लंगर वाटतात, अगदी फुकट आणि कोणालाही. गाडी थांबायच्या आधीच डब्यातली अनुभवी मंडळी भांडी घेऊन दारात उभी होती. आम्ही दह्याचा डबा रिकामा करून पुढे केला. कढी-भात मिळाला, वाफाळता. वाढणाऱ्या मुलानं धाकट्याकडे बघून अजून एक डाव घातला आणि आमचे आभार ऐकायच्या आत पुढच्या खिडकीकडे गेला.

समोरच्या बाकावर लुधियानाकडच्या एक आजी होत्या. त्यांची सून त्यांना बीजी म्हणत होती, मग आम्हीही बीजीच म्हणायला लागलो. हुजूर साहिबचं दर्शन करून त्या परत चालल्या होत्या. आपण नांदेडचेच, घरापासून गुरुद्वारा चालत जाण्याच्या अंतरावर, असं यांनी सांगितल्यावर बीजींनी आधी बाईंचे हात हातात घेतले आणि मग ते स्वतःच्या कपाळाला लावले. बाई अवघडल्या. "अहो, आमी काय केलंय," असं मराठीतच म्हणाल्या. पण पुढचा दिवसभर त्या दोघींचं जमलं. एक पंजाबीत बोले, दुसरी नांदेडच्या मराठीत, आणि सांधेदुखीपासून नातवंडांच्या लग्नापर्यंत सगळं एकमेकींना कळत होतं. बाईंनी त्यांना धपाटं दिलं, त्यांनी पिन्नी, म्हणजे पंजाबी लाडू दिला.

संभाजीनगर सुटलं की उजव्या हाताच्या खिडकीशी बसा. थोड्याच वेळात दौलताबादचा किल्ला दिसतो. उन्हात तो डोंगर तासून उभा केलेला दिसला तसं मी धाकट्याला सांगितलं, आपण दिल्लीला चाललोय ना, तर १३२७ साली मुहम्मद तुघलकानं दिल्लीची राजधानीच उचलून इथं आणली होती. इब्न बतूता नावाच्या प्रवाशानं ही वाट चाळीस दिवसांची म्हणून लिहून ठेवली आहे. "म्हणजे आपल्याकडे होती राजधानी?" तो खिडकीला नाक लावून म्हणाला. होती, थोडी वर्षं. पाण्याची तंगी, लोकांचे हाल, उत्तरेकडचा कारभार सुटत चाललेला, शेवटी सगळं परत गेलं. किल्ला दिसेनासा होईपर्यंत तो मागे वळून बघत होता.

भोपाळच्या पुढे थंडी जाणवायला लागली. फेब्रुवारीत नांदेडला आपण पंखे लावतो, म्हणून स्वेटर पिशवीच्या तळाशी गेले होते. सकाळी डोळे उघडले तर बाहेर मोहरीची पिवळी शेतं आणि त्यांच्यावर धुकं. बाई उठून बसल्या त्या दिल्लीपर्यंत खिडकीतून हलल्या नाहीत.

उतरायच्या आधी बीजींनी आम्हाला बजावलं, "पुत्तर के घर से आए हो, पिता के घर मत्था टेके बिना मत लौटना।" मुलाच्या घरून आलात, बापाच्या घरी डोकं टेकवल्याशिवाय परतू नका. गुरू गोविंदसिंगांचा देह नांदेडला ठेवला, हे आम्हाला पाठ. त्यांच्या वडिलांचा, गुरू तेगबहादुरांचा देह दिल्लीत पडला, हे पुस्तकात वाचलेलं, पण तिथं जायचं आमच्या यादीत नव्हतं. यादीत लाल किल्ला, कुतुबमिनार, इंडिया गेट एवढंच होतं. बीजींनी थोरलीच्या वहीत स्वतःच्या हातानं गुरुमुखीत दोन गुरुद्वाऱ्यांची नावं लिहून दिली आणि खाली सुनेकडून देवनागरीत लिहवून घेतली: शीशगंज, रकाबगंज. सोबत त्यांचा फोन नंबर.

पहिली संध्याकाळ

मुक्काम नवी दिल्ली स्थानकाजवळच ठेवला होता, त्याचा फार उपयोग झाला. मेट्रोची पिवळी लाईन तिथूनच जाते आणि आम्ही पाहिलेली जवळजवळ सगळी ठिकाणं याच लाईनवर आहेत. सिव्हिल लाईन्स, चांदणी चौक, पटेल चौक, सेंट्रल सेक्रेटरिएट, कुतुबमिनार, सगळी एका सरळ दोरीत. टॅक्सीवाल्यांशी घासाघीस करायची वेळच आली नाही. गाडीच्या दिशेनं पहिला डबा फक्त बायकांचा असतो. बाई, थोरली आणि मी त्यात बसायचो, बापलेक मागच्या डब्यात. कोणत्या स्थानकावर उतरायचं ते आधी ठरवून घ्या आणि उतरल्यावर कुठं थांबायचं तेही.

संध्याकाळी बंगला साहिबला गेलो. पटेल चौकाहून चालत जाता येतं. आठवे गुरू हरकिशन १६६४ साली इथं राजा जयसिंगाच्या बंगल्यात उतरले होते. दिल्लीत तेव्हा देवीची साथ होती. ते लहान वयाचे गुरू आजाऱ्यांची सेवा करत राहिले आणि त्याच साथीत गेले. सरोवराचं पाणी, सोन्याचा घुमट, संगमरवर पायाला बर्फासारखा गार. बाईंना मोजे घालू द्यावेत का म्हणून विचारलं तर सेवादार म्हणाला, घाला की माताजी. डोकं झाकायला रुमाल तिथंच मिळतात, पण आपली ओढणी, रुमाल सोबत असलेला बरा.

आत कीर्तन चालू होतं. आम्ही भिंतीशी बसलो. बाई वारकरी घरातल्या, गळ्यात तुळशीची माळ. शब्द सगळे कळत नव्हते, पण त्या डोळे मिटून ऐकत होत्या. मध्येच त्यांनी डोळे उघडले आणि माझा हात दाबला. "नामा म्हणाले. ऐकलंस का? नामा म्हणाले!" मग मीही कान देऊन ऐकलं. खरंच, पदाच्या शेवटी नामदेवांची नाममुद्रा होती. आमच्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातल्या नरसीचे नामदेव. ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत, हे मी शाळेत पोरांना दरवर्षी सांगते. सांगणं वेगळं आणि दिल्लीत, पेटी-तबल्यावर, कोणा पंजाबी माणसाच्या तोंडून ते ऐकणं वेगळं. बाईंनी तिथं बसल्या जागी टाळ्यांचा ठेका धरला. शेजारच्या सरदारजींनी त्यांच्या ठेक्याकडे पाहिलं आणि तेही हळूच हात वाजवू लागले.

लंगरमध्ये डाळ, रोटी, खीर. जेवून झाल्यावर बाई सरळ रोट्या लाटायला जाऊन बसल्या. कोणी अडवलं नाही, कोणी विचारलंही नाही. त्यांच्या पोळ्या भाकरीसारख्या जाड होत होत्या, त्या तशाच तव्यावर गेल्या.

चांदणी चौकाचा दिवस

हा आमच्या सहलीतला सगळ्यात मोठा दिवस. सकाळी लवकर निघालो. नऊनंतर चांदणी चौकाच्या मुख्य रस्त्यावर मोटारगाड्यांना बंदी असते आणि चालायला मोकळीक मिळते. ज्यांना चालवत नाही त्यांना सायकलरिक्षा आहेतच. हा चौक शाहजहानच्या मुलीनं, जहानआरानं वसवला. आधी पोटोबा: बेडमी पुरी आणि बटाट्याची रस्सा भाजी. उडदाच्या वाटणाची खुसखुशीत पुरी, भाजी हिंगाची. धाकट्यानं तिच्यात जवसाची चटणी कालवून खाल्ली आणि दुकानदारालाही चाखायला दिली. दुकानदारानं पाण्याचा ग्लास जवळ ओढला, मग अजून एक चिमूट मागितली.

थंडीत गेलात तर दौलत की चाट चुकवू नका. टोपलीवर पांढऱ्या-केशरी फेसाचा ढीग घेऊन माणसं उभी असतात. दुधाचा फेस, वर खवा, पिस्ते, साखर. जिभेवर ठेवला की विरतो. हे फक्त हिवाळ्यातच मिळतं, ऊन चढलं की बंद. फेब्रुवारीचा शेवट म्हणजे त्याचेही शेवटचे दिवस.

शीशगंज गुरुद्वारा याच रस्त्यावर आहे. इथंच नोव्हेंबर १६७५ मध्ये औरंगजेबाच्या हुकमावरून गुरू तेगबहादुरांचा शिरच्छेद झाला. काश्मिरी पंडितांवर धर्म बदलायची सक्ती होत होती, ते गुरूंकडे गाऱ्हाणं घेऊन गेले होते, आणि गुरूंनी त्यांच्यासाठी स्वतःला पुढे केलं. त्यांच्या आधी त्यांच्यासोबतच्या भाई मतीदास, भाई सतीदास आणि भाई दयाला यांना हालहाल करून मारलं. ज्या झाडाखाली गुरूंना मारलं त्याचं खोड तिथं जपून ठेवलंय, आणि कैदेत असताना गुरू जिच्या पाण्यानं अंघोळ करत ती विहीरही आहे. बाजाराचा एवढा गलबला, रिक्षांच्या घंटा, जिलेबीचा वास, आणि चार पायऱ्या चढलं की हे.

जोडे ठेवायच्या खिडकीत एक म्हातारे सरदारजी बसले होते. सगळ्यांचे जोडे पुसून ठेवत होते. "कहाँ से?" त्यांनी विचारलं. हे म्हणाले, नांदेड. त्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं, उभे राहिले आणि हात जोडले. "हुज़ूर साहिब!" मग त्यांनी आतल्या एका तरुण सेवादाराला हाक मारली, ही माणसं हुजूर साहिबची आहेत, यांना सगळं नीट दाखव म्हणून. त्या दिवसापासून हे आम्हाला सगळीकडे दिसलं. नांदेड म्हटलं की माणसं थांबतात. आपल्या गावाचं नाव ऐकून एखाद्या परक्या शहरातलं माणूस उठून उभं राहतं, हे मी या आधी कधी अनुभवलं नव्हतं. आम्ही नांदेडात उन्हाळा, पाणी आणि रस्त्यांबद्दलच बोलत असतो.

त्या तरुणानं पुढची हकीकत सांगितली. भाई जैता नावाच्या शिष्यानं गुरूंचं शिर लपवून थेट आनंदपूरला नेलं. तिथं ते ज्याच्या हाती दिलं तो मुलगा जेमतेम नऊ वर्षांचा होता. तोच पुढे गुरू गोविंदसिंग झाला आणि १७०८ मध्ये गोदावरीच्या काठी, आमच्या गावात, ग्रंथसाहिबालाच यापुढे गुरू माना असं सांगून गेला. धाकटा मध्येच म्हणाला, "म्हणजे माझ्यापेक्षाही लहान होता?" त्यानंतर बराच वेळ तो काही बोलला नाही.

तिथून लाल किल्ला समोरच. वाटेत गौरीशंकर मंदिर लागतं, ते आपा गंगाधर या मराठा सरदारानं बांधलेलं. किल्ला सोमवारी बंद असतो. तिकीट फोनवर काढून ठेवलं तर रांग वाचते आणि पंधरा वर्षांखालच्या मुलांना पुरातत्त्व खात्याच्या ठिकाणी तिकीट लागत नाही. आतल्या महालांबद्दल फार लिहीत नाही. दिवाण-ए-खासचं चांदीचं छत १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी फौजेच्या खर्चासाठी उतरवलं होतं, तिथं हे बराच वेळ मान वर करून उभे होते. पानिपताच्या आधी पैशाची केवढी तंगी होती ते त्या रिकाम्या छताकडे बघून कळतं, असं त्यांचं म्हणणं. मला मात्र लाहोरी दरवाजासमोरची जागा जास्त लक्षात राहिली.

१६ ऑगस्ट १९४७ ला पंडित नेहरूंनी इथं तिरंगा फडकवला. बाई दरवाजाकडे बघत म्हणाल्या, "इथं झेंडा लागला, तवा आमच्या गावात झेंडा काढला तर मारत होते." बाईंचं माहेर उमरीच्या बाजूला. सगळा देश स्वतंत्र झाला तरी मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. रझाकारांच्या भीतीनं गावंच्या गावं रात्री ज्वारीच्या पिकात जाऊन झोपायची. जानेवारी १९४८ मध्ये स्वातंत्र्यसैनिकांनी उमरीची बँक लुटून तो पैसा लढ्यासाठी नेला, तेव्हा बाईंचे वडील विशीतले होते आणि निरोप पोचवायचं काम करायचे. त्यांच्या गावाला झेंडा लागला तो १७ सप्टेंबर १९४८ नंतर. दिल्लीहून फौज आली तेव्हा. वडिलांना एकदा तरी दिल्ली बघायची होती, म्हणाल्या. बाईंनी पदर खोचला, चपला काढल्या आणि त्या दरवाजाला नमस्कार केला. एका शाळेची सहल चालली होती. त्यातल्या मुली थांबून बघायला लागल्या. थोरलीनं त्यांना हिंदीत सगळं सांगितलं. दिल्लीच्या त्या मुलींना हैदराबाद संस्थान माहीत होतं, पण नांदेड, परभणी, बीड त्यात होतं हे माहीत नव्हतं. त्यांच्या मॅडमनी वहीत लिहून घेतलं.

दुपारी रकाबगंज. सेंट्रल सेक्रेटरिएटला उतरून ऑटोनं पाच मिनिटं, संसदेच्या अगदी शेजारी. पांढराशुभ्र, शांत, भोवती मोकळी हिरवळ. गुरूंचं धड चांदणी चौकातून इथं आलं ते लखी शाह वंजारा या माणसामुळे. मोठा व्यापारी, लमाण तांड्यांचा मालक. त्यानं आपल्या गाड्यांच्या गर्दीत गुरूंचा देह दडवला, इथल्या रायसीना गावातल्या आपल्या घरी आणला आणि उघड सरण रचलं तर पकडले जाऊ म्हणून सगळं घरच पेटवून दिलं. लोकांना वाटलं घराला आग लागली. त्या आगीत अंत्यसंस्कार झाला.

मी मुखेड तालुक्यातल्या एका तांड्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझ्या वर्गातली निम्म्याहून जास्त लेकरं बंजारा. दिवाळी झाली की त्यांचे आई-बाप ऊसतोडीला जातात, काही लेकरं आजीपाशी राहतात, काही फडावर जातात. त्यांना आपल्या माणसांची मोठी नावं सांगायची तर संत सेवालाल महाराजांच्या पुढे माझ्याकडे फारसं काही नसायचं. त्या पांढऱ्या भिंतीपुढे उभी राहून मी लखी शाहांची माहिती जेवढी मिळाली तेवढी उतरवून घेतली, फोटो काढले, सेवादाराला पुन्हा पुन्हा विचारलं. तो कंटाळला नाही. त्यानंच सांगितलं की इंग्रज नवी राजधानी बांधत होते तेव्हा या गुरुद्वाऱ्याची भिंत त्यांनी पाडली आणि त्यावरून शिखांनी मोठं आंदोलन केलं, शेवटी सरकारला ती पुन्हा बांधून द्यावी लागली. १९११ मध्ये कलकत्त्याहून राजधानी दिल्लीला आणायचं जाहीर झालं, त्यानंतरच्या काही वर्षांतली ही गोष्ट. आज राष्ट्रपती भवन, संसद ज्या टेकडीवर आणि तिच्या पायथ्याशी आहे, ती सगळी रायसीनाची जमीन.

दिवेलागणीला इंडिया गेट आणि शेजारचं राष्ट्रीय युद्ध स्मारक. हे २०१९ मध्ये झालं. प्रवेश फुकट आहे. ग्रॅनाइटच्या गोल भिंतींवर स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या जवानांची नावं एकेका दगडावर कोरलेली आहेत. सूर्यास्ताच्या सुमाराला रोज एका शहिदाच्या घरच्यांच्या हस्ते पुष्पचक्र वाहतात. ते चुकवू नका, थोडं आधी जाऊन जागा धरा. त्या दिवशी एक वयस्क जोडपं होतं. बँडचे सूर थांबल्यावर बाईंनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून त्या माउलीला दिली. दोघी काही बोलल्या नाहीत.

मेहरौली आणि अलीपूर रोड

दुसऱ्या दिवशी पिवळ्या लाईननं दक्षिणेकडे गेलो. कुतुबमिनार स्थानकापासून मिनार चालत जरा लांब पडतो, बाईंसाठी ऑटो केली. सकाळी साडेसातच्या उन्हात लाल दगड पेटल्यासारखे दिसत होते. मिनार ७३ मीटरचा, कुतुबुद्दीन ऐबकानं सुरू केलेला, अल्तमशनं वर नेलेला. वर चढू देत नाहीत. तिथला लोखंडी खांब सोळाशे वर्षं उन्हापावसात उभा आहे आणि गंजत नाही. हा सगळ्यांना माहीत असलेला भाग.

सगळे मिनारचे फोटो काढतात, म्हणून मी पलीकडच्या अर्धवट ढिगाबद्दल लिहिते. तो अलाई मिनार. अलाउद्दीन खिलजीला कुतुबच्या दुप्पट उंचीचा मिनार हवा होता. पहिला मजला होईस्तोवर तो मेला आणि काम तिथंच राहिलं. याच अलाउद्दीननं १२९६ मध्ये देवगिरीवर चाल केली, रामदेवराय यादवाकडून सोनं, मोती, हत्ती नेले आणि त्याच संपत्तीच्या बळावर त्या वर्षी दिल्लीचं तख्त मिळवलं. गाडीतून बघितलेला तो डोंगर धाकट्याला आठवला. "आपल्या पैशातनं बांधलंय हे," त्यानं जाहीर केलं आणि त्या ओबडधोबड दगडांना हात लावून आला.

मेहरौलीतलं दुसरं ठिकाण फारसं कोणी बघत नाही. कुतुबुद्दीन बख्तियार काकींच्या दर्ग्याजवळ बाबा बंदासिंग बहादुरांचं शहीदी स्थान आहे. नांदेडकरांना बंदाघाट माहीत आहे. गोदावरीच्या काठी माधोदास नावाचा बैरागी राहत होता. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंग त्याला भेटले, त्याला पाच बाण दिले आणि पंजाबला पाठवलं. त्यानं सरहिंद जिंकलं, कसणाऱ्यांना जमिनी दिल्या, मोगलांना काही वर्षं झोप घेऊ दिली नाही. पकडल्यावर पिंजऱ्यात घालून दिल्लीत आणलं आणि ९ जून १७१६ ला इथं मारलं. त्याच्या आधी त्याच्या चार वर्षांच्या लेकराला त्याच्यासमोर मारलं. बाईंनी हे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आपल्या घाटावरनं निघालेला माणूस. इथवर आला." मग त्यांनी कनवटीची दहाची नोट काढून तिथं ठेवली, नांदेडच्या नावानं.

दुपारी त्याच लाईननं उत्तरेला सिव्हिल लाईन्स. २६, अलीपूर रोड. बाबासाहेब आंबेडकर इथं राहत होते आणि ६ डिसेंबर १९५६ ला इथंच त्यांचं निधन झालं. आता तिथं राष्ट्रीय स्मारक आहे, उघडलेल्या संविधानाच्या आकाराची इमारत. २०१८ मध्ये खुलं झालं. आमच्या शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंनी निघताना मला सांगितलं होतं, तिथं जा आणि आमच्या वतीनं एक मेणबत्ती लावा. आत मेणबत्ती लावता येईल का याची खात्री नव्हती, म्हणून मी ताईंना तिथूनच व्हिडिओ कॉल केला. त्यांनी डोक्यावर पदर घेऊन हात जोडले, मागे त्यांची दोन्ही लेकरं. यांचे काका औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात शिकले. बाबासाहेबांनी १९५० मध्ये ते सुरू केलं नसतं तर आमच्या घरात पहिला पदवीधर व्हायला अजून एक पिढी गेली असती, असं हे नेहमी म्हणतात. त्या दिवशी ते तसं काही म्हणाले नाहीत. बाबासाहेबांच्या वस्तू ठेवल्यात तिथं बराच वेळ थांबून राहिले.

स्मारकाला घाईत जाऊ नका, दोन तास हाताशी ठेवा. गर्दी कमी असते आणि आत बसायला निवांत जागा आहे.

परतीचा दिवस

राष्ट्रपती भवनाचं अमृत उद्यान फेब्रुवारी-मार्चमध्ये उघडं असतं, सोमवारी बंद, नोंदणी फुकट. आमचं राहिलं. सकाळच्या वेळात बाईंना पुन्हा बंगला साहिबला जायचं होतं आणि मुलांनीही तेच निवडलं. बाई पुन्हा रोट्या लाटायला बसल्या. या वेळी शेजारच्या बाईंनी त्यांना पातळ लाटायचं दाखवलं.

परतीची सचखंड दुपारी नवी दिल्लीला येते, पण अमृतसरहून येणारी गाडी थंडीच्या दिवसांत धुक्यानं रखडते. आम्हालाही फलाटावर तीन तास काढावे लागले. तेव्हा परतीच्या दिवशी पुढची कुठलीही गाडी किंवा लग्नकार्य धरू नका. खायला छोले-कुलचे, सोबत उरलेली शेवटची चटणी.

गाडी सुटल्यावर थोरलीनं बीजींना फोन लावून दिला. बाईंनी त्यांना मराठीतच सगळं सांगितलं: शीशगंजचे जोडे पुसणारे सरदारजी, लखी शाहांचं जळलेलं घर, मेहरौलीचा बंदा बहादूर. बीजी तिकडून मध्ये मध्ये "वाहेगुरू, वाहेगुरू" म्हणत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, अमृतसरला कधी येताय. बाईंनी यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, पुढच्या थंडीत, ऊसतोड सुरू व्हायच्या आत, म्हणजे मलाही शाळेतून नीट रजा मिळेल. बाईंनी लगेच फोनवर सांगून टाकलं की येताना जवसाची चटणी दोन किलो आणते.